मागच्या आठवड्यात किती तास?

रकाना अकरा. सगळ्यात लहान प्रश्न,
आणि याच प्रश्नाला लोक छताकडे बघतात.

पाचपावलीत, दुपारी एकला,
डोक्यावर ओला दुपट्टा, पिशवीत कांदा,
टॅबची काच इतकी तापलेली
की बोट टेकवलं तर आकडा दोनदा उमटतो.

पंचफुला गजभिये, वय बावन्न,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं.
"तास कोन मोजते बाई?
हजार बिड्या झाल्या का दिवस झाला.
कधी दिवस पुरते, कधी रात बी पुरत नाही."
मधेच उठून तिनं वरण उतरवलं,
नातवाचं नाक पुसलं, उद्याची पानं भिजत घातली.
ही तीन मिनिटं कुठं घालू?
टॅब म्हणतो, फक्त पूर्णांक.

लीलाधर तुरकर, गोंदियाकडचा,
वर्धा रोडच्या शोरूमवर पहारेकरी.
बारा तास उभा. हजेरीबुकात आठ.
"आठच लिवा मॅडम, कंपनीचे आठच हायत."
मी बारा लिहिले. नाव कुठं जात नाही म्हणाले.
तरी तो फाटकापर्यंत मागे आला.

सुगत रामटेके, दारातच, हेल्मेट न काढता,
"चौदा तास चालू होतो, ताई,
त्यातले पाच शंकरनगर चौकात
फोनकडे बघत. ऑर्डरची वाट पाहणं धरता का?"
मी मार्गदर्शक पुस्तिका उघडली.
वाट पाहण्याबद्दल तिथं दोन ओळी आहेत.
दुसऱ्यांदा वाचेपर्यंत त्याचा फोन वाजला.

संध्याकाळी सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत
साहेबांच्या पडद्यावर पन्नास वर्षांच्या दोन रेघा.
एकेकाचे तास हळूहळू उतरत आलेले,
माणसं वाढली म्हणून एकूण बेरीज चढत गेलेली.
दोघींच्या मधे उघडत जातो एक अडकित्ता.
साहेब खूश. रंग बदलून बघतात.

मी त्या रेघेत बाबांना शोधते.
देवाजी हेडाऊ, मिलमधे, पहिली पाळी.
आमच्या घरात घड्याळ नव्हतं, भोंगा होता.
भोंग्यावर आई भात टाकायची,
भोंग्यावर शेजारच्या सासू-सुनेचं भांडण थांबायचं.
आठ तासांत चहाची दहा मिनिटं,
आधीच्या लोकांनी संप करून मिळवलेली.
बाबा ती बशीत ओतून, फुंकर घालून प्यायचे.

त्यांच्याही आधी आजोबा, मागावर.
लुगड्याची किनार संपेस्तोवर दिवस,
कंदिलातलं तेल संपेस्तोवर रात्र.
त्यांना कुणी विचारलंच नाही.
रेघ तिथवर पोचतच नाही.

मग मिल बंद झाली.
पडद्यावर त्या जागी एक खाच तरी असेल
असं मला वाटलं होतं.
पण देश मोठा असतो, रेघ जाड असते.
बाबा पुढं एकोणीस वर्षं उठत राहिले
न वाजलेल्या भोंग्यावर.
आंघोळ, गंध, इस्त्रीचा शर्ट,
अंगणात खुर्ची टाकून तीनपर्यंत बसायचे,
मग "सुटली" म्हणत आत यायचे.
शुक्रवारी सुटी घ्यायचे, मिलची तीच होती म्हणून.
मी एकदा गुणाकार केला,
पंचेचाळीस हजारांच्या वर तास.
बेकार या शब्दाखाली ते शून्य म्हणून जातात.

"हेडाऊबाई, आज किती घरं?"
"अकरा."
मला घरामागे पैसे मिळतात. तासामागे नाही.

रात्री दहाला गच्चीवर रेंज येते.
दहा फॉर्म चढतात, एक लाल होऊन परत येतो.
गजभिये, पंचफुला. रकाना अकरा रिकामा.
मी सत्तर टाकते. वरण धरू का?
सहासष्ट करते. नातवाचं नाक?
पुन्हा सत्तर. पुन्हा खोडते.

उद्या सकाळी जाऊन परत विचारीन.
तेवढ्यात तिच्या
वीसेक बिड्या मागे पडतील.