उणे तीन

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
संध्याकाळी सहाची बॅच.
फळ्यावरचं गणित पुस्तकातलं नाही, माझं आहे:
तीनशे चोपड्या शिवायला
सरोजपेक्षा कुमुदला पाच तास जास्त लागतात.
दोघी मिळून सहा तासांत संपवतात.
तर एकेकटीला किती?

पहिल्या बाकावर तास मिळवायला सुरुवात होते.
दरवर्षी होते.
अरे, दोघी बसल्या म्हणून वेळ वाढतो का?
एका तासात कुणाचं किती होतं, तेवढंच मिळवा.
सरोजचा क्ष छेदात,
शेजारी कुमुदचा क्ष अधिक पाच, तोही खालीच.
माणूस छेदात गेला
की जितका सावकाश, तितका त्याचा वाटा बारीक.

हे मला शाळेत कळलं नव्हतं.
रावपुऱ्यात, मोहिते बाइंडरकडे
धनतेरसच्या आधीचे पंधरा दिवस नगावर पैसे मिळत.
सरोजमावशीचा ढीग गुडघ्याच्या वर,
आईचा घोट्याशी.
कुमुदबाईंचा हात जड आहे, मोहिते म्हणायचे,
आणि शनिवारी तसेच मोजून द्यायचे.

तर, छेद घालवा.
क्ष वर्ग वजा सात क्ष वजा तीस.
अवयव पाडा.
क्ष बरोबर दहा, किंवा उणे तीन.
वेळ ऋण नसतो, म्हणून उणे तीन अमान्य.
हे वाक्य लिहायचंच, त्याला अर्धा मार्क असतो.
सरोज दहा, कुमुद पंधरा.
उत्तराखाली दोन रेघा.

तेव्हा खिडकीजवळून ओजस खानविलकर,
जो एरवी खालच्या सेव-उसळीच्या वासाकडे तोंड करून बसतो:
मॅडम, उणे तीनमध्ये पाच मिळवले तर
कुमुदचे दोन येतात.
दोन तर ऋण नाही.

बावीस वर्षं झाली शिकवतेय.
उणे तीनवर काट मारताना
तिच्या शेजारी कोण बसलंय, ते पाहिलं नव्हतं.

दर तासाला एक तृतीयांश काम, पण उलटं.
म्हणजे कुणीतरी तिथं बसून उसवत होतं,
अख्खा ढीग तीन तासांत उसवेल इतक्या जोमानं.

मी चार वर्षांची होते.
मेणवलेला दोरा ओढला की करकरत सुटायचा,
फर्मे फरशीभर पसरायचे.
खळीत हात बुडवून
लाल कापडी पुठ्ठ्यावर मी पंजे उठवायची.
आई दाभण उंच धरायची, माझ्या डोळ्यांपासून लांब,
आणि तीच चोपडी पुन्हा पहिल्या भोकापासून.
कितीदाही शिवली तरी
मोहित्यांच्या वहीत ती एकच.

सहा तासांत काम तरीही संपायचं.
मला वजा करून.
म्हणजे तो हात दोन तासांचा होता,
सरोजमावशीच्या पाचपट.
आज घरी जाऊन हे तिला सांगितलं
तर चष्मा पुसत म्हणेल,
छे गं, जडच होता हात माझा.

मॅडम, परीक्षेत काय लिहायचं?
अमान्य. अमान्यच लिहा सगळ्यांनी.
पेपर तपासणाऱ्याला काय ठाऊक, कोण कुठं बसलं होतं.

सगळ्यांच्या माना वहीत जातात.
ओजसची जात नाही. तो बाकावरच, पेनाच्या बंद टोपणानं,
एक छेद दोन वजा एक छेद तीन,
लसावि सहा, अंश तीन वजा दोन,
आणि थांबतो.
खाली झेरॉक्सचं मशीन सुरू होतं, जमीन थोडी थरथरते.

पुसू का, मॅडम?
हेमलनं डस्टर उचललेलं आहे.