खिडकी नंबर तीन

कुत्र्याचा परवाना, हरणाच्या शिकारीचा,
आणि लग्नाचाही, याच खिडकीत.
नेब्रास्कातली ही काउंटी कचेरी, गुरुवार.
पुढचा शेतकरी ट्रॅक्टरच्या करावरून हुज्जत घालतोय.
मागे एल्डन आणि मार्व्हा, सत्तरी ओलांडलेले.

कारकून मुलगी विचारते,
आधीचं लग्न कसं संपलं? तारीख?
मार्व्हा पर्समध्ये कागद चाचपते.
एल्डन न बघता सांगतो,
चौदा मार्च. पहाटे. बर्फ पडत होता.
मुलगीचं पेन थांबतं.
बर्फासाठी रकाना नसतो.

फी रोखच.
दोघं एकदम पाकीट काढतात,
शेवटी निम्मे निम्मे,
तिची चिल्लर मोजायला वेळ लागतो.

ट्रकमध्ये, डॅशबोर्डवर कागद.
"वर्षभर चालतो म्हणे."
तो किल्ली फिरवतो.
"दुपारी मोकळी आहेस?"