चौथं घर

मुलूझमध्ये, डोलर नदीच्या अंगाला,
तेओफिल र्‍यूच यांच्या स्वयंपाकघरात
मेणकापडावर तीन रिव्हॉल्व्हरं ठेवली.
मयताची मालमत्ता. मी नोटरीची कारकून,
हातात छापील तक्ता :
नग, अवस्था, किंमत, शेरा.
बाजूला आलुबुखारचा अर्धा केक, त्यावर एक माशी.

म्हातारबुवांनी आधी तिन्हींची चक्रं उघडली,
उजेडाला धरून सहा-सहा घरांतून खिडकी पाहिली.
रिकामी. पुन्हा पाहिली. मग मला पाहायला लावली.
"घाई असेल त्यानं चमचे विकावेत," म्हणाले.

आयुष्य गेलं कारखान्यात :
दिवसभर कानस, संध्याकाळी चाचणीचे बार.
कानशीनं पोट भरलं आणि बारांनी कान नेले.
म्हणून आता लांब पेचकस दातांत धरतात,
त्याचं टोक पोलादावर टेकवतात,
आणि घोडा मागे ओढतात. सावकाश,
झोपलेल्या पोराच्या हातातून खेळणं काढावं तसा.
जबड्याच्या हाडानं ऐकतात.

जर्मन आधी.
सहा घरं, सहा वेळा तोच शब्द, त्याच स्वरात.
चक्र आणि नळीमधल्या फटीत
त्यांची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा अडली.
"नग एक : निर्दोष," त्यांनी सांगितलं, मी लिहिलं.
नंतर पेचकस काढून म्हणाले,
"याच्याशी बोलायला काही उरलं नाही."
ते तक्त्यात कुठे लिहायचं, कळेना.

मग अमेरिकन. हिची निळाई!
खोल विहिरीत दुपारी डोकावल्यासारखी,
माझं नाक त्यात लांबडं दिसलं.
चाप लोण्यातून सुरी जावी तसा.
पण चौथं घर केसभर उशिरा जाग्यावर येतं.
मला दिसलं नाही. त्यांनी चारदा दाखवलं,
मला चारदा दिसलं नाही, पाचव्यांदा मी हो म्हटलं.
"शुक्रवारी संध्याकाळी बसवलंय कुणीतरी.
गाडी धरायची असेल."
रागावले नव्हते. त्या माणसाची गाडी चुकू नये
असंच काहीसं तोंडावर होतं.

तिसरी इथलीच, याच गावची.
जड, मंद, अंगावर ओरखडे,
मूठ घामानं काळी पडलेली.
चक्र मात्र हलवून हलेना.
त्यांनी तीन पेच काढले, बाजूची झाकपट्टी उचलली,
भिंग लावलं,
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
केकवरची माशी उडाली, परत आली.

"सोलांज," म्हणाले.
घोड्याच्या बगलेत, जिथं कुणी कधी पाहणार नाही,
घासणीच्या रेषा उलट्या कलल्या होत्या.
डावखुरी होती. तिसऱ्या बाकावर बसायची.
साहेब म्हणायचे, आतलं इतकं घासू नकोस, वेळ जातो.
ती हो म्हणायची आणि घासत राहायची.

"ही कुणाची?"
मी कागद पाहून सांगितलं :
पोलिसांना नेमबाजी शिकवायचे. रोज सराव, वीस वर्षं.
"कशावर?"
कागदावर, पुठ्ठ्यावर. नोंद तरी तशीच आहे.
"नोंद," ते म्हणाले.
भिंग पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं.
"उत्तम झाली की उत्तमच काम करते.
ते काम कुठलं, हे आम्हाला बाकावर कुणी सांगत नसे.
सोलांजनं एकदा विचारलं होतं."
मग? मी विचारलं.
त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.

किंमत : जर्मनची सगळ्यात जास्त,
अमेरिकनची त्याच्या निम्मी,
तिसरीची इतकी कमी की मी पुन्हा विचारलं.
बाजारभाव, ते म्हणाले.
झाकपट्टी बसवताना तिन्ही पेचांच्या खाचा
एका रेषेत आणल्या, आणि मगच हात काढला.
शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला.

रात्री घरी पेचकस शोधला, धुतला, दातांत धरला.
आधी फ्रिजला लावला : नुसती गुरगुर.
मग दाराच्या कुलपाला टोक टेकवून
किल्ली फिरवली, अगदी हळू.
आत काहीतरी अडलं, थांबलं,
आणि केसभर उशिरा
जाग्यावर आलं.