कार्पेट एरिया

घणसोलीच्या भाड्याच्या खोलीत
दर मार्चअखेर मी आणि विशाखा
साठलेले पैसे चौरस फुटांत मोजतो.

पहिल्या वर्षी निघाली एक पायरी.
मग भिशी लागली, तिच्या पाटल्या मोडल्या,
आणि चक्क न्हाणीघर झालं आमचं,
कडीसकट.

पुढच्या वर्षी पगार वाढला,
रविवारची कोलंबी सोडली,
घरमालकानं अकरा महिन्यांचा कागद नवा केला,
आणि उलव्यातला दर विचारला तर
न्हाणीघराचं दार लागेना.

यंदा उरलीय मोरी.

विशाखा म्हणते, असू दे,
खडूनं फरशीवर आखून दाखव.
मी आखतो.
ती त्यात उभी राहते, गाऊन सावरून,
आणि हात पुढे करते :
ये की, मावतोस का बघ.