वर्गणीची वही

क्लबचा इतिहास लिहा म्हणतात.
माझ्याकडे इतिहास नाही, वही आहे.
कासारवाडीच्या फाउंड्रीत मी टाइम-ऑफिसात होतो,
म्हणून खजिनदार. खेळता कधीच आलं नाही.

पहिलं पान : बॉल एक, साडेबावीस रुपये.
वर्गणी माणशी आठ आणे.
आरुमुगमनं दिली नाही. म्हणाला, मी पाय देतो.
खडकीचा पोरगा, बराकींमागच्या मैदानात वाढलेला.
ऑफसाइड म्हणजे काय, त्यानंच समजावलं,
खडूनं, कोअर-शॉपच्या फरशीवर.
ओव्हाळला ते शेवटपर्यंत पटलं नाही.
"पुढं जाऊन उभं राहिलं, तर गुन्हा कसला?"

जर्सी म्हणजे जुने निळे डगले, बाह्या कापून.
नंबर पास्कल लोंढ्यानं घातले,
दोन धुण्यांत निघून गेले.

आणि अकरा जण कधी मिळालेच नाहीत.
पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी.
गोलकीपर खुडे भट्टीवरून तडक यायचा
भुवया भाजलेल्या,
म्हणायचा, बॉल तरी गार असतो.
रविवारी आठ जण, नऊ जण,
एकदा सात, आणि आठवा मी.
वहीत त्या तारखेला :
हरलो, नऊ-शून्य. लिंबं सहा.

मग कंपनीनं टाळं ठोकलं.
एकशे तेरा दिवस.
गेटसमोर मंडप, मंडपात भाषणं, भाषणांमागं पत्ते,
आणि नदीकडेच्या पडीक रानात
पहिल्यांदाच अकराच्या अकरा.
रोज. दोन वेळा.
हेही लिहायला हवं :
ओव्हाळच्या बायकोनं जोडवी मोडली त्या महिन्यात.
तांबोळी केळी विकायचा, डाग पडलेली घेऊन यायचा,
ती खाऊन आम्ही पास शिकलो,
मान न वळवता कळायला लागलं
डावीकडं कोण धावतोय.

फायनल खडकीला. समोरच्या सगळ्यांना बूट.
एक-शून्य. गोल ओव्हाळचा.

नवव्या दिवशी गेट उघडलं.
मंडपात पुढं उभे राहायचे
त्यातल्या चौघांना आत घेतलं नाही. खुडे त्यातलाच.
कप मात्र घेतला आत,
साहेबांच्या केबिनीत, काचेच्या कपाटात.
कपाटाची किल्ली माझ्याकडं असायची.
मी काही केलं नाही.

आता तिथं बावीस मजले आहेत,
आणि पोडियमवर जाळी लावलेलं हिरवं मैदान,
तासाला बाराशे.
परवा ओव्हाळला घेऊन गेलो. वॉचमननं बाहेरूनच बघा म्हटलं.
जाळीला बोटं अडकवून तो बराच वेळ उभा.
"चिखलच होत नाही रे," म्हणाला. "घसरायचं कुठं?"

तर इतिहास.
तो गोल ऑफसाइड होता.
रेफरी सूर्याकडं तोंड करून होता, त्याला दिसलं नाही.
मला दिसलं.
वहीत नाही ते. इथं लिहितोय,
आणि ओव्हाळला कोणी सांगू नका,
सांगून पटणारही नाही.