वसूल

अजमानला, कामगार कोर्टासमोर, शिंप्याच्या दुकानाला लागून
माझं टायपिंग सेंटर. एक एसी, दोन खुर्च्या,
आणि भिंतीवर शिक्का मारलेला परवाना :
नजमुन्निसा हमदुले, अधिकृत भाषांतरकार.
हर्णैची मी. अरबी आधी पाठ झाली,
अर्थ फार नंतर कळला.

या आठवड्यात तीन निकाल आले.
पहिला, वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी
खालच्याच्या गालिच्यावर ठिबकलं त्याचा. चौदा पानं.
न्यायाधीशांनी एकेक थेंब मोजला होता.
दुसरा, एका बोटाचा. उजवी तर्जनी, दोन पेरं.
दर पेरामागे किती, याचा तक्ता जोडलेला.
टाइप करताना माझं तेच बोट
कळफलकावर जरा अडखळलं, एवढंच.

तिसरा वामन घडवलेचा. वेल्डर, गुहागरकडचा,
नऊ महिन्यांचा पगार थकलेला. सोबत आणखी दहा :
चार नेपाळी, दोन पेशावरचे, बाकी मलबारी.
सगळे माझ्या दाराच्या सावलीत,
सावली सरकेल तसे सरकत.

"ताई, आपल्या भाषेत सांगा."

आपल्या भाषेत!
बस जरा, चहा सांगते.
या कागदात दावा आहे, वकील आहे, मुदत आहे,
हक्क आहे, हुकूम आहे, मालक आहे, कायदा आहे.
सगळे शब्द इकडचेच.
कुणी म्हणतं फारसीच्या वाटेने आले,
आमचे आजोबा म्हणायचे खजुराच्या पोत्यांतून,
आणि तुझ्या गावच्या तलाठ्याकडे बसून म्हातारे झाले.
तुला वाचता येणार नाही, पण ऐकलंस
तर अर्धंअधिक कळल्यासारखं वाटेल.
त्याचीच मला भीती.

बघ, 'रक्कम' ऐकलंस आणि ताठ बसलास.
अरे, इथे रकम म्हणजे नुसता आकडा.
फोनचा असतो, गाडीचा असतो, फाइलचा असतो.
तू जिंकलास, वामन. कोर्टाने तुझं सगळं खरं धरलं,
ओव्हरटाइमसकट, परतीच्या तिकिटासकट.
कंपनी गैरहजर. यार्डात आता बोटी नाहीत,
कुत्री आहेत.
मालकाचा हिसाब, म्हणजे बँकेतलं खातं, गोठवला,
त्यात निघाले तीनशे सत्तर दिर्हम.
अकराजणांत.
आणि तुला मिळाला हा रकम :
अंमलबजावणीच्या फाइलचा, नऊ आकडी. जपून ठेव.

नेपाळी पोराने मोबाइलवर भागाकार केला.
तेहेतीस दिर्हम, चौसष्ट फिल्स.
पेशावरवाल्यांतला थोरला म्हणाला,
"न्याय तर झाला ना."
थट्टेने नाही. मला अजून त्याचा उलगडा होत नाही.

मी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत असं सांगितलं
तर बरं दिसेल. घेतले. निम्मे.
दुकानाचं भाडं माझंही थकलंय,
आणि माझ्या घरमालकाला
कोर्टाचा रस्ता तोंडपाठ आहे.

जुम्म्याच्या रात्री वामनला शारजाच्या विमानतळावर सोडायला गेले.
टॅक्सीवाल्याने चुकून येणाऱ्यांच्या दाराशी उतरवलं.
वर हिरव्या उजेडात मोठी अक्षरं.
"काय लिहिलंय?"
"वुसूल."
"वसूल?" इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो हसला.
दाराला नाव दिलंय, बघा, आणि आम्ही कोर्टात शोधत होतो.
"इकडे त्याचा अर्थ पोचणं," मी म्हटलं.
"जो पोचला, तो वसूल."

आतून माणसं येत होती. नवी.
एकसारख्या टोप्या घातलेली, एकसारखे लिफाफे छातीशी धरलेली,
पुढे कंपनीचा माणूस.
वामन त्यांच्या बुटांकडे बघत राहिला.
काही म्हणाला नाही. मीही नाही.

फाइलचा रकम त्याने मनगटावर पेनाने लिहून घेतला होता.
घामाने शेवटचे दोन आकडे पुसट झालेले.
मी पेन काढलं, ते पुन्हा गिरवले.
जाणाऱ्यांचं दार पुढे होतं,
दोनशे पावलांवर.