दोन अर्ज

एकाच आठवड्यात दोन अर्ज भरायचे आले
आणि घरात टेबल एकच.

पहिला जुना, ओळखीचा. दरवर्षी येतो,
डुलुथच्या गोदीतलं पाणी गोठायच्या आधी, न चुकता.
त्यात लिहायचं, सिग्नेला काय जमत नाही.
त्यात मी आता तरबेज झालोय.
सुटे पैसे मोजता येत नाहीत.
रस्ता एकटीने ओलांडता येत नाही.
जितकी 'नाही' जास्त, तितके मदतनिसाचे तास जास्त,
हे पहिल्या वर्षी ऑफिसातल्या एका बाईंनी
दार लोटून घेऊन, हळूच शिकवलं होतं.
मी जहाजांत लोहखनिज भरणारा माणूस,
वजन कुठं टाकलं की काय कलतं
एवढं मला कळतं.

दुसरा अर्ज टेकडीवरच्या कॉलेजचा.
बारा जागा. दोन वर्षं. बाकीच्या मुलांसोबत त्याच वर्गात,
त्याच कँटीनमध्ये, त्याच गळक्या वसतिगृहात.
त्यात विचारलंय, तिला काय जमतं?
मी पेन उघडून बसलो.
मारिट म्हणाली, लिही ना.
कालव्यावरचा पूल भोंगा देऊन वर गेला,
एक जहाज निघून गेलं, पूल खाली आला,
कागद कोराच.

कसं लिहू?
सात नंबरच्या बसने ती एकटी जाते, हे खरं.
दोन गाड्या सोडून मागे माझा ट्रक असतो, हेही खरं.
आणि मागच्या काचेतून ती मला हात करते,
हे कुठल्या रकान्यात बसवायचं?

जेवणं झाल्यावर ती आली.
कागद ओढून घेतले,
पहिला वाचला, मोठ्यांदा, शब्दाशब्दावर बोट ठेवत,
प्रत्येक 'नाही'पाशी थांबत.
मला वाटलं, अडखळतेय.
"एकतीस," ती म्हणाली.
मोजत होती.
मग विचारलं, "डॅड, ही मुलगी कोण?"

मारिट उठून भांडी घासायला गेली.
भांडी घासून झालेली होती.

मी समजावू लागलो. सरकार, तास, पैसे,
आम्ही दोघं नसू तेव्हाचं.
तिने ऐकून घेतलं,
बँकेतल्या खिडकीमागची बाई ऐकते तसं.
"म्हणजे हिला पैसे मिळतात," ती म्हणाली,
"आणि हिला वर्ग."
आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले,
कडा जुळवून.

शेवटचा रकाना: विद्यार्थिनीच्या स्वतःच्या शब्दांत.
तुम्हाला कॉलेजात का यायचंय? दीडशे शब्द.
माझे हात शिवशिवत होते,
मनातल्या मनात मी 'स्वावलंबन'पर्यंत पोचलोही होतो.
तिने पेन्सिल घेतली. जीभ दातांत धरून लिहिलं:

मला भोंग्यावरून जहाज ओळखता येतं.
ते कुठे जातं ते माहीत नाही.
तुमच्याकडे ते शिकवतात का.
हॅल्वर कॉलेजला गेला तेव्हा त्याला खोलीची चावी मिळाली.
मला पण चावी पाहिजे.
हरवले तर मी विचारीन.
डॅडना ट्रक आणायला लावू नका.

"अजून पुष्कळ जागा आहे," मी म्हणालो.
"असू दे," ती म्हणाली.

पहिला अर्जही पाठवला,
एकतिसांतला एकही 'नाही' न खोडता.
लाज वाटली का? वाटली.
दोन्ही पाकिटांवर तिकिटं तिनेच लावली,
एक जरा तिरकं.

एप्रिलमध्ये कळेल म्हणतात.
बारा जागा, आणि अर्ज किती, ते कुणी सांगत नाही.

आज मंगळवार, तिचा बसचा दिवस.
मी ट्रकची चावी खिळ्याला लावून
खिडकीशी तासभर बसून राहिलो.
खरं सांगायचं तर
चाळीस मिनिटं.